शाळा कोणाची, पगार कोणाचा?

चर्चच्या आवारात शाळा असावी ही गोष्ट आपल्या समाजाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही इतिहास असेल, असे आपल्या मनातही येत नाही. घंटा चर्चची की शाळेची, हे वसईतल्या किंवा मुंबईच्या उपनगरातल्या मुलाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. परंतु त्या शाळेतील शिक्षकाचा पगार कोठून येतो, कोणत्या अटींवर येतो आणि त्या अटी कोणी, केव्हा आणि किती किंमत मोजून ठरवल्या, असे विचारू लागलो की आपल्याला थेट केरळात जावे लागते. १९५७ ते १९५९ या दोन वर्षांत तेथे जो वाद झाला, त्याने एक सरकार पडले, माणसे गोळीबारात मेली आणि भारतातील सर्व अल्पसंख्याकांच्या शाळांचे भवितव्य ठरवणारा एक न्यायनिवाडा जन्माला आला.

ही कथा आजवर दोन तऱ्हांनी सांगितली गेली. आपल्या समाजात ती अशी सांगतात की, निरीश्वरवादी सरकारने ख्रिस्तसभेच्या शाळांवर हात टाकला आणि श्रद्धावंतांनी तो परतवून लावला. दुसरी बाजू म्हणते की, गरिबांच्या सरकारने सुधारणा आणली आणि धनवान संस्थाचालकांनी ती धर्माच्या नावाखाली हाणून पाडली. दोन्ही कथांत सरकार आहे, बिशप आहेत, पुढारी आहेत. ज्याच्या पगारावरून हे सारे पेटले तो शिक्षक मात्र दोन्हींत मागच्या बाकावर बसलेला दिसतो. आम्ही येथे त्याला पुढे आणून या इतिहासाकडे पाहू इच्छितो.

पळ्ळि आणि पळ्ळिक्कूडम

मल्याळम भाषेत शाळेला ‘पळ्ळिक्कूडम’ असा एक जुना शब्द आहे. ‘पळ्ळि’ म्हणजे प्रार्थनास्थळ. चर्चलाही तेथे पळ्ळिच म्हणतात. भाषेनेच जी जोडी जुळवली, तिला इतिहासानेही बळ दिले. १८१७ साली त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाई यांनी प्रजेच्या शिक्षणाचा खर्च राज्याने सोसावा, असे फर्मान काढले. कराच्या पैशातून शाळा ही कल्पना त्या भूमीला तेव्हापासून परिचित आहे. त्याच शतकाच्या मध्यास कुरियाकोस एलियास चावरा (१८०५–१८७१) यांनी मन्नानम येथे संस्कृत शाळा काढली आणि पुढे विकार जनरल या नात्याने प्रत्येक चर्चशेजारी शाळा हवी, असा आग्रह धरला. गरीब मुलांना दुपारचे जेवण मिळावे म्हणून घरोघरच्या गृहिणींनी शिजवायच्या तांदळातील एक मूठ बाजूला काढावी, ही ‘पिडियरी’ची प्रथाही त्यांच्याच नावाशी जोडलेली आहे. २०१४ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले.

राणीचे फर्मान आणि गृहिणीची तांदळाची मूठ, या दोन्हींतून केरळची शाळा उभी राहिली. दरबाराने पुढे खाजगी शाळांना अनुदान देण्यास सुरुवात केली. धर्मग्रामांनी जागा दिली, इमारती बांधल्या. सरकारने खर्चाचा भार उचलला. नायर सर्व्हिस सोसायटी, श्री नारायण धर्म परिपालन योगम् या संस्थांनीही हाच मार्ग धरला. १९५६ साली केरळ राज्य स्थापन झाले तेव्हा शाळांचा फार मोठा वाटा खाजगी व्यवस्थापनांच्या हाती होता आणि त्यांचा फार मोठा खर्च सरकारी तिजोरीतून होत होता. पैसा एकाचा आणि अधिकार दुसऱ्याचा, अशी ही घडी होती. ती जोवर परस्परविश्वासावर चालली तोवर कोणाला खुपली नाही.

खुपली ती शिक्षकाला. अनुदानाची रक्कम व्यवस्थापकाच्या हाती पडत असे आणि शिक्षकाचा पगार त्याच्या हातून जात असे. पूर्ण रकमेच्या पावतीवर सही घ्यायची आणि हाती कमी पैसे ठेवायचे, नेमणुकीसाठी ‘देणगी’ मागायची, नको झालेल्या शिक्षकाला सुटीच्या तोंडावर घरी पाठवायचे, अशा तक्रारी सर्वत्र होत्या. सगळेच व्यवस्थापक असे वागत होते असे नव्हे. कित्येक धर्मगुरूंनी स्वतः उपाशी राहून शिक्षकांचे पगार भागवले असतील. पण चांगला व्यवस्थापक मिळणे हे शिक्षकाच्या नशिबावर अवलंबून होते. तो त्याचा हक्क नव्हता. मलबारमध्ये अनुदानित प्राथमिक शाळांतील शिक्षकांनी १९३० च्या दशकातच आपली संघटना उभारली होती आणि तिचे अनेक कार्यकर्ते पुढे साम्यवादी पक्षाकडे वळले. ते तिकडे का वळले, याचे उत्तर कार्ल मार्क्सच्या ग्रंथांत शोधण्यापेक्षा शाळेच्या पगारपत्रकात शोधणे अधिक योग्य ठरेल.

वाद साम्यवाद्यांनी सुरू केला, हाही एक गैरसमज आहे. १९४५ साली त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर प्राथमिक शाळा सरकारच्या ताब्यात घेऊ पाहत होते. चंगनाशेरीचे बिशप जेम्स कालाशेरी यांनी पत्रक काढून त्यांना विरोध केला. स्वातंत्र्यानंतर त्रावणकोर-कोचीनमध्ये काँग्रेसचे पनंपिळ्ळी गोविंद मेनन यांनी खाजगी माध्यमिक शाळांतील फी सरकारजमा करून शिक्षकांचा पगार सरकारने देण्याची योजना आणली, तेव्हाही वादळ उठले. दिवाण, काँग्रेस, साम्यवादी, राज्यकर्ते बदलत गेले तरी हा प्रश्न सुटला नव्हता.

मुंडश्शेरींचे विधेयक

५ एप्रिल १९५७ रोजी ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांच्या नेतृत्वाखाली साम्यवादी पक्षाचे सरकार केरळात अधिकारावर आले. शिक्षणमंत्री झाले प्रा. जोसेफ मुंडश्शेरी. ते त्रिचूरच्या परिसरातील कॅथलिक कुटुंबात जन्मलेले, मल्याळम साहित्याचे नामवंत समीक्षक आणि कॅथलिक महाविद्यालयात अनेक वर्षे शिकवलेले प्राध्यापक होते. ‘प्रोफेसर’ या आपल्या कादंबरीत त्यांनी खाजगी महाविद्यालयातील शिक्षकाची कुचंबणा रंगवली होती. ज्या मंत्र्याशी ख्रिस्तसभेची झुंज व्हायची होती तो बाहेरचा कोणी नव्हता. आपल्याच शाळेच्या फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस होता.

जुलै १९५७ मध्ये त्यांनी शिक्षण विधेयक मांडले आणि २ सप्टेंबर रोजी विधानसभेने ते संमत केले. त्यातील तरतुदी दोन गटांत पाहाव्या लागतात. पहिल्या गटात शिक्षकाचे हित होते. अनुदानित शाळेतील शिक्षकाचा पगार सरकार थेट देईल, सेवेच्या अटी ठरलेल्या असतील, बडतर्फीसाठी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागेल. दुसऱ्या गटात सरकारचा अधिकार होता. शाळेत जमा होणारी फी सरकारकडे भरावी. शिक्षकांची निवड लोकसेवा आयोगाने जिल्हावार केलेल्या यादीतूनच करावी आणि त्या यादीत मागासलेल्या वर्गांसाठी राखीव जागा असाव्यात. व्यवस्थापकाने कर्तव्यात कसूर केल्यास शाळा पाच वर्षांपर्यंत सरकारने चालवावी. एखाद्या प्रकारच्या शाळा सरकारने कायमच्याही संपादन कराव्यात. प्राथमिक वर्गांत फी घेऊच नये.

सरकारची भूमिका थोडक्यात अशी होती की, पगाराचा पैसा जनतेच्या करांतून येतो, तेव्हा त्या पैशावर कोणाला नेमले जाते, हे पाहण्याचा जनतेला अधिकार आहे. राखीव जागांमागेही एक सामाजिक न्यायाची दृष्टी होती. खाजगी शाळांत बहुधा आपल्याच जातीजमातीची माणसे नेमली जात आणि दलित व मागासलेल्या समाजांतील पदवीधर दाराबाहेर राहत, हे नाकारता येत नव्हते. ख्रिस्तसभेचे उत्तरही तितकेच नेमके होते. शाळा म्हणजे भिंती नव्हेत, शिक्षक होय. शिक्षक निवडण्याचा अधिकार गेला तर इमारत आमची राहील, शाळा राहणार नाही. शिवाय कर भरणाऱ्या जनतेत कॅथलिक आईबापही आहेतच. आपल्या मुलांना आपल्या श्रद्धेच्या वातावरणात शिकवावे, असे वाटणाऱ्यांनी कर भरायचा आणि त्या करातील वाट्यावर मात्र हक्क सांगायचा नाही, हा कोणता न्याय?

दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे, हे आज सहा दशकांहून अधिक काळानंतर आपण शांतपणे मान्य करू शकतो. त्या वेळी ते कोणी मान्य केले नाही. शिक्षकाच्या हिताच्या तरतुदी आधी बाजूला काढून त्यांना मनापासून पाठिंबा द्यावा आणि मग उरलेल्या कलमांशी लढावे, असे झाले असते तर पुढचा रक्तपात टळला असता काय? इतिहासाला असे प्रश्न विचारता येतात. उत्तर मागता येत नाही.

न्यायालयाने आखलेली रेषा

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी विधेयकाला लगेच संमती न देता घटनेच्या कलम १४३ खाली ते सर्वोच्च न्यायालयाकडे मतासाठी पाठवले. केरळ सरकारची बाजू मांडण्यासाठी इंग्लंडहून डी. एन. प्रिट हे नामांकित वकील आले होते. २२ मे १९५८ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या खंडपीठाने आपले मत दिले. भारतातील कॅथलिक शाळांचा इतिहास लिहिताना ही तारीख टाळून पुढे जाता येणार नाही.

केरळ सरकार म्हणत होते की, ख्रिस्ती लोक काही भागांत बहुसंख्य आहेत, मग ते अल्पसंख्य कसे? न्यायालयाने सांगितले की, कायदा सबंध राज्याला लागू होणार असेल तर मोजणीही सबंध राज्याचीच करावी लागेल. एक कोटी ४२ लाखांच्या केरळात ख्रिस्ती सुमारे ३४ लाख होते. तेव्हा ते अल्पसंख्यच. नंतर मुख्य प्रश्न आला तो अनुदानाचा. घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. अनुदान मागण्याचा स्वतंत्र हक्क बहुतेक शाळांना घटनेत नाही. पण न्यायालयाने वास्तवाकडे डोळेझाक केली नाही. आजच्या काळात सरकारी साहाय्याविना शाळा चालवणे जवळजवळ अशक्य आहे; अशा वेळी ‘हक्क सोडा, मग पैसा घ्या’ असे सरकारने म्हणणे म्हणजे तो हक्क कागदावरच ठेवणे होय. म्हणून शाळा ताब्यात घेण्याची व संपादनाची कलमे अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू करता येणार नाहीत, असे मत त्यांनी दिले. प्राथमिक वर्गांतील फी बंद करण्याचे कलमही टिकले नाही. मोफत शिक्षण देणे हे सरकारचे कर्तव्य असेल तर ते सरकारने आपल्या पैशाने पार पाडावे. भरपाई न देता अल्पसंख्याकांच्या शाळेचे उत्पन्न तोडून नव्हे.

मात्र याच निकालाची दुसरी बाजू आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. शाळा चालवण्याच्या हक्कात ती वाईट चालवण्याचा हक्क येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट बजावले. शिक्षकांना थेट पगार, सेवेची सुरक्षितता, इतकेच काय यादीतून निवड, ही कलमे अनुदानाच्या वाजवी अटी म्हणून न्यायालयाने तूर्त मान्य केली. म्हणजे रेषा आखली गेली ती अशी: संस्था तुमची, पण शिक्षक तुमचा गुलाम नव्हे.

दुरुस्त केलेले विधेयक पुन्हा संमत होऊन फेब्रुवारी १९५९ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली.

जून-जुलै १९५९

न्यायालयात जे सुटले ते रस्त्यावर सुटले नाही. यादीतून नेमणुकीचे कलम कायम होते. त्यातच जमीन सुधारणेचे विधेयक आल्याने जमीनदारवर्गही बिथरला होता. नायर सर्व्हिस सोसायटीचे मन्नत पद्मनाभन आणि कॅथलिक बिशप एका व्यासपीठावर आले. काँग्रेस व अन्य पक्ष त्यांना मिळाले. शाळेचा वाद आता केवळ शाळेचा उरला नव्हता. जूनमध्ये शाळा उघडायच्या वेळी व्यवस्थापनांनी त्या बंद ठेवल्या आणि १२ जून १९५९ पासून ‘विमोचन समरम्’ म्हणजे मुक्तिलढा सुरू झाला.

दुसऱ्याच दिवशी, १३ जूनला, अंगमाली येथे पोलिसांच्या गोळीबारात सात जण ठार झाले. तेथील सेंट जॉर्ज चर्चच्या आवारात त्यांची एकत्र समाधी आहे. ३ जुलैला त्रिवेंद्रमजवळच्या चेरियतुरा या मच्छीमारवस्तीत फ्लोरी नावाची गरोदर कोळी स्त्री गोळी लागून मेली. तिच्या नावाने मग साऱ्या राज्यात घोषणा झाल्या. ३१ जुलै १९५९ रोजी केंद्र सरकारने कलम ३५६ वापरून नंबुद्रीपाद मंत्रिमंडळ बडतर्फ केले.

फेब्रुवारी १९६० च्या निवडणुकीत काँग्रेस व मित्रपक्षांना मोठे बहुमत मिळाले. साम्यवादी पक्षाच्या जागा निम्म्याहून कमी झाल्या, पण त्याची मतांची टक्केवारी घटली नाही, उलट वाढली. गरिबांच्या एका मोठ्या वर्गाने आपले मन बदलले नव्हते, याची ती खूण होती. मुक्तिलढ्यातील एक धडाडीचे नेते फादर जोसेफ वडक्कन यांनी ती खूण ओळखली. १९६१ मध्ये हुसकावलेल्या शेतकऱ्यांसाठी साम्यवादी नेते ए. के. गोपालन अमरावती येथे उपोषणाला बसले, तेव्हा हे धर्मगुरू त्यांच्या बाजूने उभे राहिले.

जे मागे घेतले गेले नाही

विजेत्यांनी मग काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. १९६० मध्येच कायद्यात दुरुस्ती होऊन लोकसेवा आयोगाची यादी गेली आणि पात्रता असलेल्यांतून शिक्षक नेमण्याचा अधिकार व्यवस्थापकांना परत मिळाला. परंतु शिक्षकाचा थेट पगार मात्र कोणीही मागे घेतला नाही. ना नव्या सरकारने, ना व्यवस्थापनांनी. १९७२ मध्ये तर, पुन्हा एका मोठ्या संघर्षानंतर, खाजगी महाविद्यालयांतील प्राध्यापकांनाही सरकारकडून थेट पगार मिळू लागला. ज्या कायद्याविरुद्ध सात थडगी एका ओळीत बांधली गेली, त्यातील शिक्षकाच्या हिताचा भाग सर्वांनी निमूटपणे मान्य केला. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे सार येथे आहे. ख्रिस्तसभा आपल्या शाळेसाठी लढली तेथे ती न्यायालयातही टिकली आणि काळाच्या कसोटीलाही उतरली. शिक्षकाचा पगार आपल्या हातात ठेवण्याचा आग्रह मात्र कोठेच टिकला नाही.

आणि तो टिकू नये, हीच ख्रिस्तसभेची स्वतःची शिकवण आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालच्या ‘रेरूम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामकऱ्याला न्याय्य वेतन आणि संघटनेचा हक्क यांचा ठाम पुरस्कार केला. पुढे १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणविषयक घोषणापत्रात आईबापांना शाळा निवडण्याचे खरेखुरे स्वातंत्र्य मिळावे अशा रीतीने सार्वजनिक पैशाचे वाटप व्हावे, असे सांगितले. एक शिकवण आपण सरकारसमोर नेहमी मांडतो. दुसरी आपल्या कार्यालयातील पगारपत्रकासमोरही मांडली पाहिजे.

आपल्या दारात

केरळच्या निकालाचे फळ आपल्यालाही मिळाले आहे. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आणि त्याखालील नियमावली १९८१ ची. त्यातील तरतुदींतून अल्पसंख्याकांच्या शाळांना मुख्याध्यापक आणि आणखी तिघांपर्यंतच्या नेमणुकीत सूट मिळाली. बाकी शिक्षकांना सेवेचे संरक्षण मिळाले. १९५८ ची रेषा आपल्या धर्मग्रामातील शाळेपर्यंत अशी येऊन पोचली.

परंतु पुढे चित्र बदलले. २००१ मध्ये राज्य सरकारने नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द वगळला गेला, तरी अनुदानाची वाट पाहणाऱ्या शिक्षकांना आझाद मैदानावर वर्षानुवर्षे धरणी धरावी लागली. दरम्यान घरपट्टीबरोबर आपण शिक्षण कर भरतो आणि आयकरावर शिक्षण उपकरही भरतो. वर विनाअनुदानित शाळेची फीही भरतो. ‘आमच्या कराचे काय?’ हा केरळच्या आईबापांचा प्रश्न आज आपल्या स्वयंपाकघरातला प्रश्न झाला आहे. शिक्षक पात्रता परीक्षेची सक्ती अल्पसंख्याकांच्या शाळांवर करता येईल काय, हा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयात मोठ्या खंडपीठाच्या विचारासाठी पुढे पाठवला. जुना वाद नव्या नावाने चालूच आहे.

अशा वेळी कलम ३० ची ढाल आपण अवश्य उचलावी. पण त्या ढालीमागे कोण उभे आहे, हेही पाहावे. १९८६ साली दिल्लीतील एका विनाअनुदानित अल्पसंख्य शाळेच्या कर्मचारी संघटनेने समान वेतनासाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांच्या निकालाचा आशय हाच होता की, शिक्षकाला वाजवी पगार दिल्याने अल्पसंख्याकांचा हक्क कमी होत नाही. जी गोष्ट आपण आपणहून करायची, ती न्यायालयाला सांगावी लागली.

आज आपल्या कित्येक विनाअनुदानित शाळांत अनुदानाची शिस्त नाही, सरकारी पगारपत्रक नाही. शिक्षिकेला काय मिळते, हे व्यवस्थापनाच्या सदसद्विवेकावर आहे. अगदी १९५७ पूर्वीच्या केरळात होते तसे. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेल्या मजुरीविषयी जे कठोर शब्द आहेत, ते आपल्या चर्चमध्ये दर काही वर्षांनी रविवारच्या वाचनात येतात. ते ऐकताना आपण शेतमालकाचा विचार करतो, शाळेचा करत नाही. धर्मग्राम परिषदेच्या पुढच्या बैठकीत शाळेच्या नव्या इमारतीचा विषय निघेल, तेव्हा त्याआधी शिक्षकांच्या पगाराचा तक्ता मागून पाहावा, इतकेच आम्हाला सुचवायचे आहे. त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.